क्लबातली नळाची बियर

अकरा वर्षांत गुणवंताला चव्वेचाळीस वेळा कामावरून कमी केलं होतं आणि चव्वेचाळीस वेळा पुन्हा लावून घेतलं होतं. कारखान्याची ती रीतच होती. नव्वद दिवस भरत आले की आठ दिवसांचा ब्रेक. नवव्या दिवशी माणूस पुन्हा दारात हजर, आणि मस्टरवर त्याचं नाव असं चढायचं, जणू कालच आईच्या पोटातून बाहेर पडला. चांद्याहून मूल गावाला जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात उभा असलेला हा प्लायवूडचा कारखाना. तिथले वॉटर कूलर, कॅन्टीनचे फ्रीज, बंगल्यांतले एसी, सगळे गुणवंताच्याच हाताखालून जायचे. मशीन बिघडलं की "गुणवंता कुठं आहे", आणि चालू झालं की "कोण गुणवंता". बेचाळिसाव्या वर्षी तो या सगळ्याला कंटाळला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती, कायम व्हायचं होतं. मग कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं, आणि दर तीन महिन्यांनी बायकोला "उद्यापासून घरीच आहो" हे सांगणं सुटणार होतं.

शहाऐंशीच्या थंडीत नवे मॅनेजर बक्षीसाहेब बंगलोरहून आले. तिथं म्हणे बियर नळातून यायची. एकदा ती पाहिल्यापासून साहेबांना बाटलीतली गोड लागेना. फेब्रुवारीत मुंबईचे डायरेक्टर लोक कारखाना बघायला येणार होते. त्यांना या जंगलात, क्लबात, नळाची बियर पाजायची असं साहेबांच्या मनानं घेतलं. मोठ्या माणसाच्या मनानं काही घेतलं की लहान माणसाची झोप जाते. गुणवंताला बोलावणं आलं.

"गुणवंत, कॅन्टीन में वो पुराना डीप फ्रीजर पड़ा है ना? उसमें बियर का ड्रम बैठाना है. ऊपर से नल. बना सकते हो?"

"बनते साहेब," गुणवंता म्हणाला. रोजंदारीवरच्या माणसाला 'नाही' हा शब्द परवडत नाही.

"बना दिया तो तुमको परमनंट करेंगे. बापूराव, याद रखना."

हेडक्लार्क बापूरावांनी मान हलवली. त्यांनी अशा पुष्कळ आठवणी ठेवल्या होत्या आणि विसरल्याही होत्या. पण गुणवंताला तेवढी मान पुरली.

घरी बायकोला, इंदूताईला, त्यानं सगळं खरं खरं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा बारा वर्षांचा गुणवंता बापासोबत तिथं होता. बाप तोवर रोजचा पिणारा. परत आल्यावर त्यानं उरलेली बाटली उकिरड्यावर ओतली आणि मरेपर्यंत पुन्हा शिवला नाही. गुणवंतानं तर कधी चवच घेतली नव्हती. इंदूताई त्याच्याही पुढची. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या बायका घेऊन नाल्याकाठच्या भट्टीवर गेली आणि मडकी फोडून आली. तेव्हापासून विहारात तिच्या शब्दाला मान होता.

ऐकून तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मशीन बनवनं अलग, पाजनं अलग," ती म्हणाली. "लोखंडाले काऊन दोष द्याचा? बनवून द्या आन मोकळे व्हा. पन त्या नळाले तुमचा हात नाई लागला पायजे. लोकायचे मडके मी फोडले जी. मले उद्या त्यायच्या तोंडाकडे पाहावं लागते."

"नाई लागनार," गुणवंता म्हणाला, आणि खरंच तसं समजूनच म्हणाला.

क्लबाच्या मागच्या पडवीत काम सुरू झालं. डीप फ्रीजर म्हणजे पेटीच. वरून झाकण उघडायचं, आत माणूस निजेल एवढी जागा. ड्रम उभा बसला, पण झाकण लागेना. गुणवंतानं झाकण काढलं, कारखान्यातल्याच फळ्यांची वीतभर उंच चौकट करून पेटीच्या काठावर बसवली आणि झाकण त्या चौकटीवर चढवलं. चौकटीला पुढून भोक पाडून त्यात दूध केंद्रातला जुना स्टीलचा नळ बसवला. पेटीची थंडी बर्फ करणारी, बियर गोठून ड्रम फुटला असता. म्हणून एका भंगार कूलरचा थर्मोस्टॅट काढून जोडला. बियर वर ढकलायला गॅस हवा. तो सिलिंडर चांद्याच्या सोडावाल्याकडून आला. पाणी भरून नळ सोडला तेव्हा कशी सरळ, गार धार आली. गुणवंताला वाटलं, झालं काम.

मग औरंगाबादकडून ओल्या पोत्यांत गुंडाळलेले बियरचे दोन ड्रम आले आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली. ड्रम जोडला, नळ सोडला, तर नुसता फेस. बादली भरली, तरी फेसच.

आता इथं गुणवंता चुकला, आणि चुकला तो सज्जनपणामुळं. क्लबाच्या हॉलमध्ये पिणं चालू असताना त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या कामाला तो सकाळीच जायचा. बियर ग्लासात कशी दिसते हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं दारू पाहिली ती लहानपणी, बापाच्या बाटलीतली, मोहाची. पहिल्या धारेची मोहाची म्हणजे निवळ पाणी, काडी लावली तर निळी पेटणार. फेस असला तर ती भेसळीची, हे झाडीतलं पोरगंही सांगेल. तेव्हा फेस म्हणजे आपल्या मशीनचा दोष, असं त्यानं धरलं. कुणाला विचारावं, तर एक बौद्ध माणूस दारूची चौकशी करत हिंडतो हे वस्तीत पोचायला वेळ लागला नसता. म्हणून विचारलंही नाही.

चार दिवस तो त्या फेसाच्या मागं लागला. नळी दोन हात होती ती आठ हात केली, गुंडाळी करून ड्रमभोवती बसवली. गॅसचा स्क्रू रोज थोडा थोडा आवळत नेला. पडवीतल्या फरशीवर बसून बसून कंबर धरली, हातांना आंबूस वास बसला, तो साबणानं जाईना. चौथ्या दिवशी दुपारी नळातून सोनेरी, निवळ धार आली. फेसाचा ठिपकाही नाही. अर्धा ड्रम वाया गेला होता, पण गुणवंतानं ग्लास उजेडात धरला आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

मागच्या गेटवरचा चौकीदार वारलू तेव्हा डबा घेऊन पडवीत जेवायला आला. वारलू भामरागडकडचा माडिया, वयानं साठीचा, बोलायला कमी.

"पाह्य वारलूभाऊ, कशी निवळ आली," गुणवंता म्हणाला.

वारलूनं ग्लास घेतला. आधी चार थेंब जमिनीवर सोडले, ओठांतल्या ओठांत आपल्या गेलेल्या म्हाताऱ्यांची नावं घेतली. त्यांना दिल्याशिवाय तो कधी पीत नसे. मग एक घोट घेतला आणि ग्लास परत दिला.

"मेली आहे हे," तो म्हणाला.

"मेली म्हंजे?"

"आमच्याकडं गोरग्याचं झाड राह्यते, ताडासारखं. सकाळी रसाचं मडकं उतरवलं का फसफसते. थो जिता रस. फेस बसला का मेला. मेलेला रस आमी पावन्याले नाई देत, भाऊ."

गुणवंतानं ग्लास खाली ठेवला. चार दिवस त्यानं राब राब राबून साहेबांची बियर मारली होती. डायरेक्टर यायला तीन दिवस उरले होते, ड्रम दीड उरला होता. आता फेस किती हवा, गॅस किती हवा, हे चव घेतल्याशिवाय कळणार कसं? समोर ग्लास होता. वारलू भात कालवत होता, दुसरं कुणी बघत नव्हतं. एक घोट घेतला असता तर चार दिवसांचं काम तासात झालं असतं, आणि तो इतका दमला होता की घेणं सोपं होतं. त्यानं ग्लास उचलला, नाकापर्यंत नेला. मग बाजूला ठेवला.

"वारलूभाऊ, मी स्क्रू फिरवतो, तू पिऊन सांग," तो म्हणाला.

दोन दिवस दुपारच्या सुट्टीत तेच चाललं. गुणवंता पाव फेरा फिरवायचा, थांबायचा, वारलू घोट घ्यायचा. "अजून झोपून आहे." पुन्हा पाव फेरा. "आता उठली, पन चालत नाई." दर घोटाआधी जमिनीवर चार थेंब, त्यात वारलू काही कसर करीना. आमच्या म्हाताऱ्यांनाही आवडून राह्यली, असं तो दुसऱ्या दिवशी म्हणू लागला तेव्हा गुणवंतानं ओळखलं की आता फार वेळ या जिभेवर भरवसा नाही. तेवढ्यात ग्लासावर दोन बोटं पांढरा फेस उभा राहिला आणि बसेना. वारलूनं तो चाखला, मिशी पुसली.

"जिती झाली," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून तिथंच निजला.

डायरेक्टर लोक रविवारी दुपारी जेवायला आले. गुणवंतानं इंदूताईला दिलेला शब्द पाळायची सोय आधीच केली होती. नळावर हरिदास वेटरला उभं केलं, ग्लास तिरपा कसा धरायचा ते समजावलं आणि स्वतः मागं, कॉम्प्रेसरशी बसला. पहिल्या ग्लासाला बक्षीसाहेबांच्या टाळ्या झाल्या. पण हरिदास म्हणजे दुधाच्या राखणीला बसवलेलं मांजर. दोन ग्लास पुढं गेले की तिसरा त्याच्या पोटात. तासाभरात त्यानं एका डायरेक्टरच्या कोटावर अख्खा ग्लास उलटा केला आणि वर त्यालाच हसला.

बक्षीसाहेबांचा चेहरा काळा पडला. "इसको बाहर करो. गुणवंत, तुम खड़े हो जाओ नल पे."

गुणवंता उभा राहिला. दुसरं काय करणार होता? त्यानं हात नळावर ठेवला आणि मनातल्या मनात म्हटलं, आजच्या पुरतं. सगळं मशीनच त्याचं, त्याला त्याची नस न नस ठाऊक. एकही ग्लास सांडला नाही, एकाचाही फेस कमी-जास्त झाला नाही. कोट बदलून आलेला डायरेक्टर खूश झाला.

"तुम नहीं पीते?" त्यानं विचारलं.

"नाही साहेब. आम्ही बौद्ध आहो. पंचशील घेतो."

डायरेक्टर बक्षीसाहेबांकडे वळून हसला. "मिल गया तुम्हारा आदमी. जो पीता नहीं, उसी को बिठाओ यहाँ."

आठवड्यानं बापूरावांनी कागद पुढं केला. या वेळी ते विसरले नव्हते. गुणवंताला इंग्रजी जेमतेम यायचं, पण तेवढं त्यानं वाचलं. कायम. पद बार अटेंडंट.

"भाऊ, मेकॅनिक लिहा ना," तो म्हणाला.

"मेकॅनिकची जागाच मंजूर नाई, गुणवंता. जागा क्लबात आहे, थेही एकच. मोठ्या साहेबानं तुझं नाव घेऊन देली."

"मी पीत नाई न, बापूराव."

"म्हनूनच त देली." बापूरावांनी पेन पुढं सरकवलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी आवाज खाली आणला. "नाई म्हन. तुह्या मनावर आहे. पन मग सोळा तारखेपासून तुझा ब्रेक लागते, आन या वेळेस परत घेतील का नाई, मी सांगू शकत नाई."

गुणवंतानं खिडकीबाहेर पाहिलं. ब्रेकवर गेलेले तीनजण गेटपाशी उकिडवे बसले होते, आजचा नववा दिवस म्हणून. त्यात तो अकरा वर्षं बसला होता. पंचेचाळिसाव्यांदा बसायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. आपण पिणारे असतो, तर हे काम आपल्याकडं आलंच नसतं, असं त्याच्या मनात आलं. राग कुणावर धरावा हेही त्याला कळेना. त्यानं सही केली.

तो घरी पोचला तेव्हा इंदूताई अंगणात तांदूळ पाखडत होती. त्याच्या हातातला कागद पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"झालं?"

"झालं. कायम."

ती उठून उभी राहिली, हात पदराला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. उलटा-सुलटा करून पाहिला. तिला मराठी वाचता यायचं, हे इंग्रजी होतं. एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "इथी काय लिवलं आहे? कोनती जागा देली?"

तिचं बोट नेमकं त्याच शब्दांवर होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. मडकी फोडून आली त्या दिवशीसुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

"मेकॅनिक," गुणवंता म्हणाला.

"मले मालूम होतं," ती म्हणाली, आणि कागद छातीशी धरून कुंपणापाशी गेली. "रुखमाबाई, इकडं ये वो. आमचे हे मेकॅनिक झाले. कायम."

गुणवंता पाण्याच्या रांजणापाशी उभा राहिला. कुंपणापलीकडून रुखमाबाई आली, आणखी दोघी आल्या, साऱ्या जणी त्याच्याकडे बघून हसत होत्या. त्याला कुठंतरी जाऊन बसावंसं वाटत होतं, पण घर एवढंसं होतं. उद्या क्लबातून तो घरी येईल, दिवस कसा गेला म्हणून ती विचारील, आणि त्याला कूलरचं नाहीतर एसीचं काहीतरी सांगावं लागेल. परवा पुन्हा. कारखान्यात कायम माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर व्हायचा. त्याला अजून सोळा वर्षं होती.