बोंडूचा अर्धा तास

आमच्या घरात प्रत्येकाला सगळं कळतं. हाच आमचा मुख्य प्रॉब्लेम आहे.

बाळंतपणानंतर ताईचा ऑफिसचा पहिला दिवस होता. आदल्या दिवशी जेवताना तिने जाहीर करून टाकलं, "आठवडाभर बघते. बोंडूला जरा जरी त्रास झाला, तर सरळ राजीनामा. मग मला समजवायला कोणी यायचं नाही." बोंडू म्हणजे तिचा मुलगा, वय फक्त चार महिने. भावजी बोटीवर नोकरीला, ते पुढच्या महिन्यात येणार. आणि ही नोकरी ताईने किती खस्ता खाऊन मिळवली ते मला माहीत होतं, कारण तिच्या मुलाखतींची तयारी मीच करून घ्यायचे, समोर खुर्ची टाकून, आवाज घोगरा काढून. त्यामुळे मी छातीठोकपणे सांगितलं, "मी आहे ना! दहावीची परीक्षा संपलीय, सुट्टी आहे. बोंडू माझी जबाबदारी."

बाबा हसले. "म्हणजे आता दोन पोरांकडे लक्ष ठेवायचं मी."

बाबांची रोपांची नर्सरी आहे, घराला लागूनच. हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये हजारो रोपं उभी असतात आणि बाबांना त्यांच्यातल्या प्रत्येकाची तब्येत माहीत असते. आमची माहीत नसते, पण असो.

ताई नऊला गेली. जाताना तीनदा परत आली. साडेदहापर्यंत सगळं झकास चाललं होतं. बोंडू झोपला म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमधलं ताईने काढून ठेवलेलं दूध कोमट करत बसले. बाटली घेऊन परत येते तर पाळणा रिकामा! मी बाहेर धावले.

बोंडू अंगणात होता. जाळीच्या बाहेर, रणरणत्या उन्हात, आपल्या बाबागाडीत, फक्त लंगोटावर. त्याच्या एका बाजूला टोमॅटोचे ट्रे, दुसऱ्या बाजूला ढोबळी मिरचीचे. आणि शेडच्या भिंतीवरच्या फळ्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: टोमॅटो, दोन तास. ढोबळी मिरची, एक तास. बोंडू, अर्धा तास.

"बाबा!"

"ओरडू नकोस, रोपं दचकतात," बाबा म्हणाले. त्यांना हे खरंच वाटतं. "जाळीत वाढवलेलं रोप एकदम शेतात लावलं तर माना टाकतं. त्याला आधी उन्हाची सवय लावावी लागते. आज अर्धा तास, उद्या एक, परवा दीड. तीस वर्षं हेच करतोय मी."

"तो रोप नाहीये!"

"हाडं कशाने मजबूत होतात मग? उन्हानेच ना?"

तेवढ्यात आत्या आली. आत्याचं कोपऱ्यावर ब्युटी पार्लर आहे आणि हातात ट्यूब नाही अशी ती मी कधी बघितलेली नाही. "अगं, किती आरडाओरडा! मी लावलंय त्याला सनस्क्रीन. पन्नास नंबरचं. नवरीला लावते तेच. आता दिवसभर ठेवलास तरी काही होत नाही."

मी वाकून बघितलं. बोंडू नखशिखांत पांढरा झाला होता. पापण्यांवर लोशन, कानात लोशन, आणि एक मूठ पूर्ण तोंडात.

"तो ते खातोय, आत्या!"

"थोडं पोटात गेलं तर काय होतंय? वासाला किती छान आहे."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बोंडूला उचलून वीस पावलांवर घरात नेलं असतं. पण मला वाद जिंकायचा होता. मी म्हटलं, "थांबा, मी आत्ताच्या आत्ता बाळाच्या दवाखान्यात फोन लावते आणि तुम्हा दोघांनाही स्पीकरवर ऐकवते." फोन घरात होता. तोपर्यंत ऊन लागू नये म्हणून दोरीवरची जाड चादर ओढली, बाबागाडीवर चारही बाजूंनी टाकली आणि धावले. किती हुशार मी!

फोन सिस्टरनी उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं.

"किती महिन्यांचा? चार? मग उन्हात ठेवायचंच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावली, डोक्याला टोपी आणि अंगभर सैल सुती कपडे. एवढंच. त्यांची कातडी फार पातळ असते, सनस्क्रीन सोसत नाही."

"आणि हाडं?"

"त्यासाठी डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे थेंब दिलेत ना? ते रोज द्या. लोशन कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसून काढा. दूध पाजा. पीत नसेल, मलूल वाटला, अंग तापलं, तर ताबडतोब घेऊन या. आणि हो, बाबागाडीवर चादरबिदर टाकू नका हं. आत हवा खेळत नाही, बाळ उकडून निघतं."

मी स्पीकर लावायचं विसरले. मी फोन ठेवायचंही विसरले.

अंगणात पोचले तर बाबांनी चादर फेकून दिली होती आणि बोंडू त्यांच्या खांद्यावर होता. बाबांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. "ही कोणी टाकली? आत हात घालून बघितलास? भट्टी झाली होती, भट्टी!"

"मीच," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही.

बोंडूची मान घामाने चिकट झाली होती आणि गाल लालबुंद. तो रडत नव्हता, तेच वाईट होतं. आत नेऊन त्याचा लंगोट काढला, पंखा लावला. आत्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन आली आणि मऊ फडक्याने त्याला पुसू लागली. मी बाटली त्याच्या ओठांना लावली. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावली. पुन्हा फिरवलं.

"गाडी काढतो," बाबा म्हणाले आणि किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

तिसऱ्यांदा बोंडूने बाटली पकडली. असा काही ओढायला लागला की जणू दोन दिवस उपाशी होता! अर्ध्यावर थांबून त्याने आत्याच्या साडीवर धार सोडली आणि मग घर डोक्यावर घेतलं. इतकं सुंदर रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

मी त्याच्या अंगाला हात लावून बघितलं. गार होत होतं. सिस्टरना परत फोन केला, यावेळी स्पीकरवर. त्या म्हणाल्या, लक्ष ठेवा, संध्याकाळी दाखवून जा.

तरी बाबा पुटपुटलेच, "म्हणजे सवय हळूच लावायला हवी. उद्या पंधरा मिनिटं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, परवा उगवलेलं, दोन पानांचं रोप तुम्ही उन्हाची सवय लावायला बाहेर काढता?"

"वेडी की काय! ते महिनाभर जाळीतच. कोवळं असतं ते."

"आणि त्याच्यावर औषध फवारता?"

"जळेल की!"

"मग?"

बाबा उठून बाहेर गेले आणि फळ्यावरची शेवटची ओळ तळहाताने पुसून आले.

साडेपाचला ताई आली. दवाखान्यातून आम्ही नुकतेच परतलो होतो. बोंडू ठणठणीत, फक्त गालावर लोशनने आलेला लाल चट्टा. आत्याने डोळ्यांनीच खुणावलं, काही बोलू नकोस, मी सांगते डास चावला म्हणून. बाबा छताकडे बघत होते. मोह मला खूप झाला. पण ताई रोज सकाळी कोणाच्या भरवशावर बाहेर पडणार होती? माझ्याच ना?

मी सगळं सांगितलं. फळा, ट्यूब, आणि चादरही. चादर सांगताना मला हुंदका आला, त्याचा मला अजून राग येतो.

ताईने बोंडूला मांडीवर घेतलं, त्याचं बोट न् बोट तपासलं, मानेच्या वळ्या तपासल्या. दहा मिनिटं. मग बाबांना म्हणाली, "उन्हात कोणी न्यायचं नाही." आत्याला म्हणाली, "त्याच्या अंगाला काहीही लावायचं नाही." दोघांनी शाळेतल्या पोरांसारख्या माना डोलावल्या.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू उद्या त्याला आठच्या आत आंघोळ घाल," ताई म्हणाली. "माझी नऊला मीटिंग आहे, मला लवकर निघावं लागेल."