नाव विचारणारा तक्ता

मानवजातीने आजवर तीनच मोठे शोध लावले: आग, चाक आणि फाइल सेव्ह करायची सोय. यातला तिसरा वाचनालयातल्या काकूंपर्यंत अजून पोचायचा होता.

काकू देवघेवीच्या टेबलावर बसत आणि वर्षातून एकदा सगळी पुस्तकं मोजून संगणकावरच्या तक्त्यात भरत. गेल्या वर्षी पाचही कपाटं मोजून त्यांनी तक्ता बंद केला, तेव्हा संगणकाने विचारलं, "बदल सेव्ह करायचे का?" काकूंनी ठामपणे "नाही" दाबलं.

"मी कुठे काय बदललं? नुसती मोजली."

या बोलण्यात खोट काढणं कठीण होतं. कपाटं मात्र पुन्हा मोजावी लागली.

संगणकाचं सगळं पंडितकडे असे. पंडित हे त्याचं नाव नव्हे, सहकाऱ्यांनी बहाल केलेली पदवी होती. तिच्यात आदर किती आणि टोमणा किती, हे विचारायला तो धजावला नव्हता. यंदाच्या मोजणीआधी ग्रंथपाल बाईंनी त्याला बोलावून शांतपणे सांगितलं, "या वर्षीही मोजणी दोनदा झाली, तर तुमचं टेबल तळघरात. जुन्या वर्तमानपत्रांना तेवढीच सोबत."

पंडितचं टेबल खिडकीशी होतं. समोर झाड, डोक्यावर पंखा. तिथवर सरकायला त्याला नऊ वर्षं लागली होती. तो इरेला पेटला. त्याने तक्त्यात एक मॅक्रो बसवला, म्हणजे तक्त्याला एक काम शिकवून ठेवलं. कुणी बंद करायला गेलं की हो-नाहीची भानगडच नको, थेट चौकट उघडायची आणि म्हणायचं, "काकू, फाइलला नाव द्या."

काकू खूश झाल्या. सोमवारपासून रोज कोरा तक्ता घ्यायच्या, एक कपाट मोजायच्या आणि निघताना मन लावून नाव द्यायच्या. "कविता, खालच्या फळीला वाळवी." "प्रवासवर्णनं, धुळीसकट." चौकट नाव घ्यायची आणि अदबीने मिटायची.

"गुणी आहे हो तुझा तक्ता. उलट उत्तर नाही," काकू म्हणायच्या, आणि पंडित उगाच चष्मा पुसायचा.

शनिवारी सकाळी पाचही फाइली गोळा करायला त्याने फोल्डर उघडलं. फोल्डर स्वच्छ होतं. नुकतंच झाडून घेतल्यासारखं.

त्याने मॅक्रो वरपासून खालपर्यंत वाचला. नाव विचारायची ओळ होती. सेव्ह करायची ओळच नव्हती.

"म्हणजे काय झालं?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे तो नाव विचारतो, ऐकून घेतो..."

"बरं, मग?"

"मग काहीच करत नाही."

"अरे, हे तर आमच्या घरात एकोणतीस वर्षं चाललंय," काकू म्हणाल्या. "ऊठ, शिडी धर."

बाईंना यादी संध्याकाळी पाचला हवी होती. काकू शिडीवरून आकडे ओरडत होत्या आणि पंडित एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने स्टुलावरच्या लॅपटॉपवर टाइप करत होता. मधल्या सुट्टीत त्याने राहिलेली ओळ घातली, आणि पश्चात्तापाच्या भरात आणखी एक: नाव दिल्याशिवाय कुणाची सुटका नाही, "रद्द" दाबलं तरी चौकट परत हजर. पाचला दहा कमी असताना फाइल सेव्ह झाली आणि बाईंकडे गेली.

सव्वापाचला बाईंचं बोलावणं आलं. पंडित शर्ट खोचून आत गेला.

"बाई, खरं सांगतो. मोजणी दोनदा झाली. चूक माझी, काकूंची नाही."

"ठाऊक आहे. काकू येऊन गेल्या. त्याला तळघरात धाडलंत तर शिडी कोण धरणार, तुम्ही का, असं मला विचारत होत्या." बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "राहू द्या टेबल तिथेच."

पंडितचा ऊर भरून आला. "बाई, यापुढे या वाचनालयातला एकही आकडा हरवणार नाही. माणूस विसरेल, पण हा मॅक्रो..."

"विसरत नाही, दिसतंय ते." बाईंनी "रद्द" दाबलं. चौकट गेली आणि परत आली. "मी फाइल नुसती बघायला उघडली होती. वीस मिनिटं हे मला काकू म्हणतंय. तेवढं बंद करून द्या, मला घरी जायचंय."