तासलेला गाल

थांबा. आधी हा बार होऊ द्या.

पहिली तबकडी. फुटली.

आता बोलते. मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. घाबरू नका, माझ्या नळ्या आजवर एकाही जिवावर रोखल्या गेलेल्या नाहीत. माझे सारे आयुष्य मातीच्या तबकड्या फोडण्यात गेले. मैदानाच्या पुढच्या बाजूला जमिनीत एक बुटकी खोली आहे. माझा धनी "सोड" म्हणतो, तिथले यंत्र बशीएवढी नारिंगी तबकडी आकाशात भिरकावते, आणि ती खाली पडायच्या आत माझ्या छर्ऱ्यांनी तिला गाठायचे असते. ती डावीकडे जाईल की उजवीकडे, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

पाच नेमबाज ओळीने उभे आहेत. पाळीपाळीने बार करतात. माझ्या दोन बारांच्या मध्ये इतर चौघांचे चार बार होतात. गोष्ट सांगायला मला तेवढाच वेळ मिळतो. म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी येईल. चालवून घ्या.

दुसरी. चुकली.

आज परीक्षा आहे. आमच्या मंडळाचा नियम आहे की पासष्टी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा पंचवीसपैकी पंधरा तबकड्या फोडून दाखवायच्या. नाही जमले, तर ओळीतली जागा जाते आणि बंदूक जमा होते. जमा झालेल्या बंदुकीचे पुढे काय होते ते मी पाहिले आहे. मंडळाच्या कोठीत लोखंड कापायची करवत आहे.

तिसरी. चुकली.

माझा धनी चष्मेवाला आहे, चष्म्यांचे दुकान चालवतो. वय एकोणसत्तर. माझ्या नळ्या कारखान्यात घडल्या, पण माझा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, त्याच्या मेहुण्याने घडवला. मेहुणा सुतार. एकतीस वर्षांपूर्वी त्याने धन्याला दुकानातल्या स्टुलावर बसवले, त्याच्या गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजले आणि त्या मापाचा आक्रोडाचा गाल, म्हणजे नेम धरताना गाल टेकायचा भाग, मला बसवला. "दाजी, आता ही दुसऱ्या कोणाला लागणार नाही," तो म्हणाला. खरेच होते ते. धन्याने गाल टेकला की उजवा डोळा आपोआप नळीच्या रेषेवर यायचा. नळीच्या टोकाला एक पांढरा मणी आहे. डोळा, मणी, तबकडी. एक सरळ रेघ. दुसरे काही लागत नसे.

चौथी, पाचवी. दोन्ही फुटल्या. पाचांत तीन. दर पाच बारांनी नेमबाज जागा बदलतात, आम्हीही बदलली.

चांगल्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगते. मी पंचवीसपैकी पंचवीस फोडल्या, एकदा नव्हे, नऊ वेळा. लोक मला हातात घेऊन बघायला मागत. घरी गेल्यावर तो माझ्या नळ्या आतून पुसे, बाहेरून तेलाचे बोट फिरवी, मग दुकानामागच्या खोलीतल्या पोलादी कपाटात मला उभी करी. दार बंद करण्याआधी दस्त्यावर दोनदा थोपटायचा. त्याच्या बायकोने हे एकदा पाहिले. म्हणाली, "अहो, तिला जेवण वाढू का?"

वय झाले तसे त्याने पुष्कळ गोष्टी शहाणपणाने बदलल्या. खांदा दुखू लागला तेव्हा हलकी काडतुसे घेतली. गुडघे कुरकुरले तेव्हा दोन बारांच्या मध्ये बसायला घडीची खुर्ची आणली. हात मंद होऊ नयेत म्हणून रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मला रिकामी करून वीस वेळा खांद्याला लावायचा आणि भिंत छताला जिथे मिळते त्या रेघेवरून नळी सावकाश फिरवायचा. वीस म्हणजे वीस. तापातसुद्धा. मित्रांनो, म्हातारपणी कसब टिकवणे म्हणजे काय, हे मी त्या रेघेवर शिकले.

सहावी ते दहावी. दोन फुटल्या, तीन चुकल्या. दहात पाच.

आता वाईट भाग.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मण्यामागे कुठला डोळा येऊन उभा राहतो, ते सगळ्यांत आधी मला कळते. सत्तावीस वर्षे तिथे उजवा डोळा येत होता. त्या दिवशी उजवा धुकट होता आणि डावा हळूच पुढे सरकला. त्याला स्वतःला पत्ता नाही. खांदा उजवा, गाल उजवा आणि नेम मात्र डाव्या डोळ्याचा. बार तबकडीच्या डावीकडून गेला. पुढचाही डावीकडून. मग एखादी फुटायची, मग दोन चुकायच्या.

मी ओरडून सांगितले असते. पण मला एकच शब्द येतो, आणि तो ऐकताना सगळे कान झाकतात.

त्याने डोळा तपासला नाही असे नाही. तपासला. स्वतःच्याच दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून, डाव्या डोळ्यावर हात ठेवून समोरचा अक्षरांचा तक्ता वाचला. सगळ्यांत खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हटली. कपाटाचे दार उघडे होते, मी ऐकत होते. त्या तक्त्यावर काडी ठेवून तो चाळीस वर्षे लोकांना अक्षरे विचारत आला आहे. आई लेकराचे नाव विसरेल, पण हा ती ओळ विसरणार नाही. त्याने वाचली नव्हती, मित्रांनो. पाठ म्हटली होती. आणि उठून समाधानाने म्हणाला, "डोळा ठणठणीत आहे. दस्ता वाकला असेल."

अकरावी. चुकली. बारावी. चुकली.

तो मला मेहुण्याकडे घेऊन गेला.

"गाल थोडा तास. बार डावीकडे जातोय."

सुताराने रंधा फिरवला. दोन महिने बरे गेले. मग पुन्हा डावीकडे. पुन्हा रंधा. तिसऱ्या खेपेला सुताराने मला उजेडात धरले, लाकडावर अंगठा दाबून पाहिला.

"दाजी, नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. तुम्ही तर अंगणच तासून मागताय."

"तुला जमत नसेल तर सांग."

"जमतंय हो. लाकूड संपतंय."

तरी त्याने तासले. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला नाही कसे म्हणणार? आक्रोडाचे कुरळे पापुद्रे जमिनीवर पडले, आणि संध्याकाळी त्याने ते केरात भरले. तो माझा गाल होता.

तेरावी, चौदावी फुटल्या. पंधरावी चुकली. पंधरात सात. आता दहा उरल्या, त्यांतल्या आठ फोडायच्या आहेत.

एक माणूस ओळखून होते. ओळीत त्याच्या शेजारी उभी राहणारी बेकरीवाली बाई. वय एकसष्ट, हात भाजल्याच्या डागांनी भरलेले, जीभ त्याहून गरम. मागच्या महिन्यात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चष्मेवाले, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि माझ्या नाकाकडे बोट रोखा."

"भांडायचंय का?"

"रोखा हो."

त्याने रोखले. ती म्हणाली, "बोट तुमच्या डाव्या डोळ्यासमोर उभं आहे. तुम्ही डाव्याने बघताय."

"चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावतोय मी. तुम्ही पाव भाजा."

"भाजतेच. पण पाव करपला तर मी भट्टीला शिव्या घालत नाही."

त्यानंतर महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. घरी मात्र दोनदा बायकोच्या नाकाकडे बोट रोखून उभा राहिला. तिला काही सांगितले नाही. बोट कुठल्या डोळ्यासमोर आहे, हेही तिला विचारले नाही.

सोळावी. चुकली. डावीकडून.

आता फक्त एक चूक परवडेल.

मित्रांनो, इथे जे झाले ते मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या मण्याने पाहिले. त्याने मला उघडले. माझ्या सांध्यात काळे वंगण असते, त्यात अंगठा घातला आणि तो अंगठा स्वतःच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर फासला. दुकानात काचेला बोट लावणाऱ्या गिऱ्हाइकावर जो खेकसतो, त्याने. डावा डोळा बंद झाला. बेकरीवाली पुढे बघत हळू म्हणाली, "चार वर्षं लावलीत."

"बाई, माझी पाळी आहे."

सतरावी.

मण्यामागे उजवा डोळा आला. धुकट, थकलेला, पण आपल्या जागेवर. मला रडू येत होते. डोळा, मणी, तबकडी. आणि बार गेला उजवीकडून.

चुकली.

कळले का तुम्हाला? डोळा बरोबर होता. मी चुकीची होते. डाव्या डोळ्यासाठी तासलेला माझा गाल आता उजव्याला खोटे दाखवत होता. तो गाल टेकवायचा, आणि जिथे लाकूड असायला हवे तिथे खळगा होता. एकतीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा दगा दिला, तोही तो शहाणा झाल्यावर.

चार बार. तेवढाच वेळ. त्याने माझ्या खळग्यावरून बोट फिरवले. एकदा. दोनदा. मग खिशातून चष्मे पुसायचे फडके काढले, चार घड्या घातल्या, खळग्यावर ठेवले आणि त्यावर गाल दाबून धरला.

"सोड."

अठरावी. फुटली.

एकोणिसावी. फुटली.

गोष्ट नंतर.

विसावी. एकविसावी. फुटली, फुटली. त्याचा श्वास माझ्या लाकडावर लागतोय.

बाविसावी.

तेविसावी. बेकरीवालीने स्वतःची चुकवली आणि तिचे तिकडे लक्षही नाही.

चोविसावी. फुटली. चौदा झाल्या. देवा, एक. एकच.

पंचविसावी.

धूळ उडाली. नारिंगी धुळीचा एवढासा ढग, आणि तबकडी तशीच पुढे जाऊन गवतात पडली. आमच्या खेळात नुसती धूळ चालत नाही. डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा तरी सुटायला हवा.

पंच म्हणजे निवृत्त पोस्टमन. सज्जन माणूस. त्याने पेन्सिल कागदावर टेकवली नाही. "मला धूळ दिसली. तुकडा कोणी पाहिला का?"

"मी पाहिला," बेकरीवाली म्हणाली. "नखाएवढा. डावीकडे उडाला."

ती खोटे बोलत होती. नळी माझी होती, मला ठाऊक आहे.

"चष्मेवाले, तुम्ही काय म्हणता? तुम्ही हो म्हणालात तर मी लिहितो."

एक "हो" हवा होता. मी त्याच्या हातात होते, गरम. मित्रांनो, मी लाजत नाही सांगायला, मला त्याने खोटे बोलायला हवे होते.

त्याने चष्मा काढला. एका काचेवर काळे वंगण, दुसरी स्वच्छ. "मला तुकडा दिसला नाही," तो म्हणाला. "धूळही दिसली नाही. तबकडी कुठे गेली तेही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला उजव्या डोळ्याने नीट काहीच दिसत नाही."

पंचाने चौदा लिहिले.

मी आता कोठीत आहे. माझ्या चापाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर उरलेल्या दिवसांचा आकडा. पंचाने जितके करता येईल तितके केले. "नव्वद दिवस मी हिला हात लावू देत नाही. डॉक्टरांकडून डोळा बरा करून घ्या, त्यांचं पत्र आणा आणि पुन्हा पंचवीस मारा. नाही आलात तर माझा इलाज नाही."

मोतीबिंदूच असणार, अर्ध्या तासाचे काम. सुताराने आक्रोडाची पट्टी कापून ठेवली आहे. मागच्या आठवड्यात येऊन माझ्या खळग्याचे माप घेऊन गेला. पंचाला म्हणाला, "लाकूड चिकटवायला मला एक दिवस लागेल. पण दाजींचा गाल हवा ना मोजायला." बेकरीवाली दर रविवारी कोठीत डोकावते आणि पंचापाशी चिडचिड करते. चष्मेवाल्याने तीन वेळा दवाखान्याची वेळ ठरवली, तीनही वेळा तो दारातून परत फिरला. हजारो लोकांना ज्याने सांगितले, "काही होत नाही, जाऊन या," तो स्वतः दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला घाबरतो. सकाळी सवयीने उठतो, त्याच्या बायकोकडून ऐकून ती म्हणाली, आणि रिकामे हात खांद्याला लावून भिंतीच्या रेघेकडे बघतो. वीस वेळा.

मित्रांनो, मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. तुमच्या घरात किंवा गल्लीत असा कोणी असेल, जो आपल्या कामात इतका पक्का आहे की त्याला कोणी काही सांगायचे धाडस करत नाही, तर त्याच्याकडे जा. तो म्हणेल मला सगळे दिसते. विश्वास ठेवू नका. तो म्हणेल बंदूक वाकडी आहे, सुई बोथट आहे, दिवा मंद आहे. हाताला धरा आणि न्या. रागावेल. रागावू द्या. त्याला जे करता येते ते त्याच्याकडून जाईल आणि त्यासोबत ज्या वस्तू त्याच्या मापाच्या झाल्या आहेत त्याही जातील. त्या दुसऱ्या कोणालाच लागत नाहीत.

एकोणीस दिवस उरले आहेत.

कोठीचे दार उघडले. सकाळ झाली. पंच आला, त्याने चिठ्ठीवरचा आकडा खोडला.

अठरा.