बादलीलाही गोवर

"गोवराची लस चुकवू नका, वस्तीत साथ शिरलीय," परिचारिकेने बजावलं होतं. दहा महिन्यांच्या बाळाच्या आईने मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू पुढे. नवरा दूर कामावर, शेजार नवा. दिवसभर बोलायला ते बाळ तेवढं.

मग शेजारच्या काकूंनी तिला गल्लीच्या टोकाच्या गोदामात नेलं. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. रुमालबाबा म्हणवणारा एक माणूस एकेका बाळाच्या ओल्या पाठीवर पांढरा रुमाल दाबत होता आणि रुमाल गडद गुलाबी होत होता.

"पाहा, आत दबा धरून बसलेला गोवर. सुई रोग आत ढकलते, माझा रुमाल बाहेर खेचतो." मग रुमाल 'सिद्धजलात' बुडायचा आणि पुन्हा पांढराशुभ्र निघायचा. "गेला. आता सुईचं नाव काढायचं नाही."

तिला खरं तर बाबापेक्षा रांगेचीच ओढ लागली. तिथे कुणी सरकून जागा द्यायचं, कुणी विचारायचं, "झोप झाली का गं तुझी?" ती दर आठवड्याला जाऊ लागली. लस राहिली ती राहिलीच.

बाबाची अट एकच. येण्याआधी त्याने दिलेली पूड पाण्यात घालून बाळाला आंघोळ घालायची आणि अंग पुसायचं नाही. घरी उशाशी ठेवायला एक रुमालही मिळाला होता. एकदा घाईत तिने त्यानेच बाळाच्या आंघोळीची रिकामी बादली पुसली. रुमाल गुलाबी.

ती बघतच राहिली. बादलीला गोवर?

तिने बाळाचा गाल साध्या पाण्याने धुतला आणि रुमालाची कोरडी राहिलेली कड त्याला लावली. पांढरीच. त्याच ओल्या कडेवर चिमूटभर पूड टाकली, आणि गुलाबी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं.

दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊनच रांगेत उभी राहिली.

"बाबा, हिचंही बघा. कालपासून अंगावर पुरळ आहे."

बायका खुदकन हसल्या. बाबा गुरगुरला, "थट्टा करतेस?" तिने त्याच्याच हातातला रुमाल पुडीच्या पाण्याने ओल्या बादलीवर दाबला. गुलाबी.

"ही पूड म्हणजे धुण्याचा सोडा. रुमालाला रसायन लावलंय, ते सोड्याने गुलाबी होतं आणि सिद्धजल म्हणजे नुसतं आंबट पाणी, त्यात तो रंग जातो. यात रोग आलाच कुठे? मग तो गेला कसा? आपली बाळं रोगापुढे होती तशीच उघडी आहेत. रोगाशी लढायला अंगाला आधीच शिकवते ती लस."

बाबा मागच्या दाराने सटकला. पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काकू नातवाला कडेवर घेत म्हणाल्या, "एवढी हुशार होतीस, तर आमच्यात आलीस कशाला?"

ती एकटीच दवाखान्यात गेली. बाळ सुई टोचल्यावर रडलं आणि खांद्यावर झोपलं. परतताना गल्लीतलं एकही दार तिच्यासाठी उघडलं नाही. काकूंच्या नातवाची लस अजून राहिलीय. ती रोज कडी वाजवते, आतून फक्त पंख्याचा आवाज येतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही शेजारी अशी एखादी काकू असेल, असं एखादं बाळ असेल. तुमच्यावर त्यांचा राग नाही. तुम्हाला दार उघडतील. आजच जा आणि विचारा, बाळाची लस झाली का?