बारकीचे निरोप

बाबांनी कापलेल्या बाह्या बारकीने दोन्ही हातांवर आडव्या घेतल्या आणि मागच्या खोलीत, आईच्या मशीनपाशी नेऊन ठेवल्या. आईने खडूच्या खुणा पाहिल्या.

"सांग त्यांना, डोळे उघडे ठेवून कापा म्हणावं."

बारकी पुढच्या खोलीत बाबांकडे आली.

"आई म्हणते, डावी बाही जरा बघता का."

आईबाबांनी अबोला धरला त्याला महिना होत आला होता. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. बाबा पुढे कापायचे, आई मागे शिवायची; बोलल्याशिवाय तर शिवणकाम होत नाही. तेव्हा निरोप्याचं काम आठ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात पडलं. ती ते मन लावून करी. निरोपातलं तिखट तेवढं स्वतःजवळ ठेवून घेई. अलीकडे तिला जेवण जात नव्हतं. आईने त्याचं खापर उन्हावर फोडलं होतं.

त्या दुपारी आईने मशीन थांबवलं.

"सांग त्यांना, वकिलांचा कोट तेवढा पुरा करते. तो झाला की मी तुझ्या मावशीकडे चालले. परत यायची नाही."

बारकी दाराची चौकट नखाने खरवडत उभी राहिली. तिला फार भीती वाटली. मग ती बाबांजवळ गेली.

"आई म्हणते, कोटाची घाई नाही."

बाबांनी मान डोलावली आणि अस्तराचं कापड घडी करून फळीवर ठेवून दिलं.

शनिवारी वकील कोट न्यायला आले.

"अस्तर राहिलंय," बाबा म्हणाले.

आई तरातरा बाहेर आली. महिन्याभरात पहिल्यांदाच ती त्यांच्याशी थेट बोलली.

"रोज निरोप पाठवतेय मी अस्तरासाठी. मिळत नाहीत तुम्हाला?"

बाबांनी बारकीकडे पाहिलं. ती टेबलाचा पाय घट्ट धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"मिळाले," बाबा म्हणाले. "माझंच चुकलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची आईला सवय नव्हती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते बघत होते तिकडे तिने पाहिलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

"मग केव्हा येऊ?" वकिलांनी विचारलं.

"तुम्ही दुसरीकडे टाका शिवायला," आई म्हणाली. "हा कोट आमच्याकडून काही पुरा व्हायचा नाही."

वकिलांना काही कळलं नाही. बाबांनाही कळलं नाही. बारकीने टेबलाचा पाय सोडला.