दुसरीसाठी थांबलेल्या

पंथातल्या सगळ्या बायका एकाच राखाडी रंगाचा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा झगा घालत, आणि ते सगळे झगे एकटी मावशी शिवायची. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. प्रार्थनागृहामागच्या गल्लीत तिची एक खोली होती, तिच्यात मशीन, इस्त्री, कापायचं टेबल आणि आतून कडी लागणारं दार.

माप घेताना मावशीच्या तोंडात टाचण्या असत. त्यामुळे ती मध्येच उपदेश करत नसे, आणि “असं बोलू नये गं” असं तर म्हणूच शकत नसे. हात पसरून उभी असलेली बाई मग आपोआप बोलायला लागे. गाणं गुणगुणलं म्हणून चारचौघींत उभं केलं. पंथ सोडून गेलेली बहीण रस्त्यात समोरून आली, तर मान फिरवून पुढे जावं लागलं. सगळ्यांचा शेवट एकच: “वीट आलाय हो मावशी. पण जाणार कशी?”

सोडून जाणाऱ्याशी घरच्यांनी संबंध तोडायचे, हा नियम. म्हणून एक नवऱ्यासाठी थांबलेली, एक आईसाठी. जी ती दुसऱ्या कोणासाठी तरी मूग गिळून बसलेली. मावशी ऐकायची आणि खडूने खुणा करायची.

एकदा बेकरीवाल्यांची सून माप द्यायला आली. म्हणाली, “मी कधीच गेले असते. पण सासूबाईंचा जीव आहे हो पंथात. त्या पहाटे प्रार्थनेला उठतात म्हणून मीही उठते. मी गेले तर झुरून मरतील.”

त्याच आठवड्यात सासू आली. “समुद्राकाठी बहीण आहे माझी, ये ये म्हणते. पण आमची सूनबाई पडली कट्टर! पहाटे माझ्याआधी उठून बसते. मी गेले तर नातवाचं तोंड बघू द्यायची नाही.”

मावशीची टाचणी घशात जाता जाता राहिली.

दोन दिवस तिला चैन पडेना. मग एकीची बाही आणि दुसरीची झग्याखालची दुमड असं निमित्त काढून तिने दोघींना एकाच दुपारी बोलावलं. कडी लावली, टाचण्या डबीत ठेवल्या आणि सरळ सांगून टाकलं.

सूनबाईचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. “आई, खरंच?”

“तू आधी सांग,” सासू म्हणाली.

“तुम्ही सांगा ना.”

“मी मोठी आहे. तू सांग.”

“मोठ्यांनी आधी सांगायचं असतं.”

मावशीला वाटलं, आता कोणीतरी सांगेल. पण दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता दोघींच्या चेहऱ्यावर तोच हिशेब आला: हिने कोणाला सांगितलं तर?

“मला काय सांगायचंय?” सासू म्हणाली. “मी सुखात आहे.”

“मीही,” सून म्हणाली. “मावशींचा काहीतरी गैरसमज झाला.”

दोघी गेल्या. घरी, भट्टीपाशी बोलतील, असं मावशीने स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत दोघी पहिल्या रांगेत. सून आणखी लवकर उठू लागली, म्हणून सासू त्याहून लवकर. एवढ्या पहाटे उठून करणार काय, म्हणून भट्टी पेटायची, आणि गल्लीला उजाडायच्या आत गरम पाव मिळू लागला. सासूने झग्याची कॉलर बोटभर उंच करून घेतली. सुनेने दोन बोटं. भर सभेत पंथाच्या प्रमुखांनी त्या घराचं कौतुक केलं.

मग त्यांनी मावशीला बोलावलं. चुगली कोणी केली, हे तिने विचारलं नाही. बहुतेक दोघींनी, वेगवेगळी.

प्रमुख तसे शांत गृहस्थ. खुर्ची पुढे करत म्हणाले, “मावशी, तुम्ही बायकांना निघून जायला सांगता म्हणे?”

“नाही हो. एकमेकींशी बोला म्हटलं.”

“ते जास्त वाईट.” त्यांनी सुस्कारा सोडला. “तुम्हाला जायचंय का? मी कोणाला धरून ठेवलेलं नाही. फक्त आधी सांगा, दुसरी शिलाईवाली शोधायला वेळ लागतो.”

मावशी गेली तर तिच्या तोंडावर दार लावणारं कोणीच नव्हतं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या सबबी ऐकून ती मनात हसली होती, आणि आज स्वतःपाशी एकही सापडेना.

“सगळ्यांची मापं मलाच ठाऊक आहेत,” ती घाईघाईने म्हणाली. “माझ्यावाचून बायकांचं अडेल.”

“मग राहा,” प्रमुख म्हणाले. त्यांनाही हायसं वाटलेलं दिसलं.

ती बाहेर आली तर रस्त्यात पावाची टोपली घेतलेली सून उभी. नजर चुकवत तिने विचारलं, “काढलं तर नाही ना तुम्हाला?”

“नाही.”

“पण तुम्ही होऊन का नाही गेलात? तुम्हाला तर कोणीच नाही.”

“तुमच्यासाठी थांबले गं.”

सून बघत राहिली आणि मग फिसकन हसली. रस्त्यात मोठ्याने हसायला बंदी होती, पण हसू आवरेना. टोपली हलायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मावशीही हसू लागली. भानावर येऊन सुनेने तोंडावर हात दाबला, इकडेतिकडे पाहिलं. समोर बेकरीच्या दारात सासू उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

सासू क्षणभर तशीच उभी राहिली. मग आत वळली आणि पुसलेल्याच बरण्या पुन्हा पुसू लागली. तिने कोणाला काही सांगितलं नाही; निदान त्या आठवड्यात तरी नाही.