ओली लाकडं

विकणे आहे: दगडी घर, मोठी बाग—

"आणि गुडघे मोडणारा जिना. तोही लिही," सोलांज म्हणाली.

वय झालं, आता वसंतात लिमोझ शहरात लेकीजवळच्या फ्लॅटमध्ये जायचं, हे तिनंच ठरवलं होतं. म्हणून तिचा नवरा फेर्नां जाहिरात लिहीत होता.

तेवढ्यात ट्रॅक्टरनं अंगणात ओकच्या लाकडांचा ढीग ओतला.

"ही कुणी मागवली?"

"मी. दरवर्षी याच दिवसांत मागवते की."

"अगं, ओली आहेत! दोन हिवाळे वाळल्याशिवाय पेटायची नाहीत."

सोलांजनं ढिगाकडे पाहिलं. तिला हसू फुटलं.

"मग वाळू देत. आपला पलंग तेवढा खाली आणू."

विकणे नाही: दगडी घर, मोठी बाग—

"आणि जिना?" फेर्नांनं विचारलं.

"तो मांजरीला ठेव. चल, लाकडं रचायला लाग."